कान आणि शरीराचा तोल

कान ऐकण्यासाठी असतो, हे लहान मूलही सांगेल. पण आपण दोन पायांवर सरळ उभे राहतो यातही कानाचा वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आंतरकर्णात ऐकण्याच्या शंखाशेजारीच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्या मेंदूला वर्दी देतात. जवळच्या दोन पिशव्यांतील सूक्ष्म चुनखडीचे कण डोके कोणीकडे झुकले ते कळवतात.

स्थिर उभे असतानाही आपले शरीर घोट्यांवर किंचित पुढेमागे झुलत असते. डोळे, तळपाय-सांधे आणि कान या तिघांची माहिती जुळवून मेंदू पोटऱ्यांचे स्नायू आवळतो वा सैल सोडतो. दोन्ही कानांची वर्दी बंद झाली तरी माणूस उजेडात, फरशीवर बरा उभा राहतो. मात्र त्याला गादीवर उभे करून डोळे मिटावयास सांगितले तर तो पडू लागतो. (विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग कोणावर करू नये.)

या विषयाचा आपल्या भागाशी संबंध आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनच्या पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. क्षयावरील या पहिल्या परिणामकारक औषधाने असंख्य जीव वाचवले. पण काही रुग्णांत ते आंतरकर्णातील तोलाच्या पेशी कायमच्या नष्ट करते. असा तोल गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ साली स्वतःचा अनुभव प्रसिद्ध केला. नाडीच्या ठोक्यागणिक अक्षरे हलत, म्हणून वाचताना त्यांना पलंगाच्या गजांत डोके टेकवावे लागे.

आमच्या परिचयाच्या एका काकांनी पूर्वी ही इंजेक्शने घेतली होती. अंधार पडला की ते झोकांड्या खात. लोक म्हणत, "पिऊन आला." आम्हीही तसेच समजलो, हे कबूल केले पाहिजे. काकांनी दारूला कधी हात लावला नव्हता.

एकाच कानाचा तोल गेला तर मेंदू काही आठवड्यांत बरेचसे जुळवून घेतो. मान व नजर फिरविण्याचे व्यायाम त्यास मदत करतात. दोन्हींचा गेल्यास व्यायाम हवेतच, शिवाय रात्री टॉर्च व हाती काठी हवी. काठीवर भार टाकावा लागतोच असे नाही, तिच्या नुसत्या स्पर्शानेही शरीराचे झुलणे कमी होते. तोंडाला साबण लावताना बसून घ्यावे. आणि इंद्रायणीत बुडी मारू नये. गढूळ पाण्यात वर कोणते, खाली कोणते, हे अशा माणसाला कळत नाही.