पेटी, टाळ आणि आमेन

धानाची कापणी आटोपत आली की साकोलीच्या आसपास गावोगाव मंडई भरते. रात्री उशिरापर्यंत दंडारीची ढोलकी ऐकू येत राहते. त्याच दिवसांतली एक रात्र. आमच्या ओळखीच्या एका घरातून पेटी आणि टाळांचा आवाज येत होता. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलून धरायची, शेवटी लय वाढवत न्यायची. माझं लहानपण भजनी मंडळाच्या सतरंजीवर गेलेलं, त्यामुळे पाय तिकडे वळले. दारातल्या चपलांशेजारी मीही चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.

दहा-बारा माणसं होती. बाया एका अंगाला, डोक्यावर पदर घेतलेल्या. पुरुष दुसऱ्या अंगाला. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा आली. मला सवयीने ‘तुका’ किंवा ‘नामा’ अपेक्षित होता. आला ‘दास’. गाणं थांबलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच शब्द निघाला, ‘आमेन’.

हा ‘दास’ म्हणजे नारायण वामन टिळक, हे घरच्या काकूंनी चहा देताना सांगितलं. रविवारची उपासना वेगळी, ही आठवड्यातली घरची प्रार्थना, असंही त्या म्हणाल्या. मी विचारलं, तुमची मंडळी किती? त्यांनी बसलेल्या माणसांकडे हात केला, “हेच की जी.” मराठी बायबलमध्ये चर्च या अर्थी ‘मंडळी’ हाच शब्द आहे. ज्या अनुवादकाने तो निवडला त्याचा कान फार चांगला असला पाहिजे. घरची मंडळी, भजनी मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी, या सगळ्यांत माणसंच आहेत, भिंती कुठे नाहीत. मोठं देऊळ असो वा नसो, चार माणसं एकत्र बसून गायली की मंडळी उभी राहते. उपासनेचं महत्त्व या लोकांना का वाटतं, याचं निम्मं उत्तर मला त्या शब्दातच मिळालं. उरलेल्या निम्म्यासाठी पुढे वर्षभर वाचत आणि विचारत राहिले.

टिळकांचा धागा आपल्या भंडारा जिल्ह्यातून जातो, हे वाचून मला विशेष आनंद झाला. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन कवी नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या पदरी वैदिक ग्रंथांच्या कामावर होता. १८९३ मध्ये तो नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाला. ही गाडी आजही त्याच मार्गाने जाते: कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल, गोंदिया आणि डोंगरगडचे डोंगर. डब्यात समोर एक युरोपीय गृहस्थ होते. संस्कृत काव्यावरून बोलणं सुरू झालं आणि धर्मापर्यंत पोचलं. उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. त्या गृहस्थांचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. पुस्तक वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी घर मोडलं आणि पुन्हा कसं जुळलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलंच आहे. मराठी घरात ते पुस्तक माहीत नाही असं होत नाही.

पण त्या पुस्तकाच्या प्रेमात आपण टिळकांचं एक मोठं काम विसरतो. त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या तोंडात बसेल असं गाणं दिलं. आधीच्या मिशनऱ्यांनी पुष्कळ गीतं इंग्रजी चालींवर रचून घेतली होती. त्यात अडचण अशी की इंग्रजी गीत आघातांवर चालतं, तर आपला अभंग अक्षरांच्या मोजणीवर: सहा, सहा, सहा, चार. मराठी शब्द परक्या चालीत कोंबला की ऱ्हस्व दीर्घ होतो, दीर्घाचा ऱ्हस्व होतो आणि अर्थाचा जीव जातो. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी टिळकांच्याही आधी देशी चालीत पदं रचली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टिळकांनी त्यावर कळस चढवला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंग, पद, आरती, ओवी, जे जे घरचं होतं ते ते त्यांनी उपासनेत आणलं. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या हाताळलं गेलं आहे. त्यात टिळकांची पदं जागोजागी भेटतात. काकूंच्या घरच्या प्रतीची पाठ सुटलेली होती आणि तिला शिवणाच्या दोऱ्याने पुन्हा टाके घातलेले होते.

आणखी मागे गेलं तर आपल्या मुलखाचं एक ऋण दिसतं. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून मराठी व्याकरण, कोश आणि नवा करार छापला. नवा करार १८११ साली मोडी अक्षरांत निघाला. त्यांच्या शेजारी बसून मराठी सांगणारे पंडित वैजनाथ मूळचे नागपूरकडचे. छापील मराठी गद्याच्या पहिल्या पानांवर म्हणूनच नागपुरी बोलीची छाया आहे. पुण्या-मुंबईच्या जाणकारांनी त्या भाषेला नाकं मुरडली. मला मात्र तिच्याबद्दल माया वाटते.

त्याहून जुनी गोष्ट गोव्याची. इंग्लंडातून आलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या. त्यात मराठीचं केलेलं कौतुक आपण शाळेत वाचलेलं असतं. हे पुराण खाजगीत वाचायचं पुस्तक नव्हतं, ते चर्चमध्ये जमून गायचं होतं, विशेषतः उपवासकाळात. मूळ छापील प्रत एकही हाती लागलेली नाही. हस्तलिखितांतून आणि गाणाऱ्यांच्या कंठातून ते टिकलं.

आता रविवारकडे येते. आपल्या भागातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मुळं बरीचशी स्कॉटिश मिशनमध्ये आहेत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा काढली, खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांविषयी टिपणं केली आणि १८६३ साली टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरात बुडून गेले. स्कॉटिश परंपरेत वेदी साधी, भर शास्त्रवाचन आणि उपदेशावर. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. हे एकीकरण कागदावर जेवढं सोपं वाटतं तेवढं उपासनेत नव्हतं. कोणी बाळाला बाप्तिस्मा देणारे, कोणी सज्ञानालाच पाण्यात बुडवून देणारे. कोणी छापील प्रार्थना म्हणणारे, कोणी उत्स्फूर्त. तोडगा निघाला तो असा की बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ग्राह्य धराव्यात. शतकांच्या वादातून माणसं एवढ्या समजुतीने बाहेर पडतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

उपासनेचा क्रम बाहेरच्याला लांबलचक वाटेल: गीत, पापकबुली, क्षमेचं वचन, शास्त्रवाचन, उपदेश, विश्वासांगीकार, दानार्पण, मध्यस्थीची प्रार्थना, आशीर्वाद. पण त्यात एक चढण आहे. आधी माणूस वाकतो, मग ऐकतो, मग देतो आणि शेवटी घेऊन घरी जातो. पापकबुली सगळ्यांनी मिळून मोठ्याने करायची असते. सावकार, मजूर, मास्तर, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. आठवड्यातून एकदा सगळ्या गावासारखंच आपणही चुकलो, हे उच्चारायला मिळणं ही किती मोठी मोकळीक आहे, हे एका शेतकरी गृहस्थांनी मला बांधावर बसून समजावलं. घरात ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याशी आधी बोलल्याशिवाय ते प्रभुभोजन घेत नाहीत.

प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षरस. बऱ्याच मंडळ्यांत भाकर म्हणजे पावाचे छोटे तुकडे आणि रस इवल्याशा पेल्यांतून. कॅथलिक मिस्सेत गव्हाची पातळ, बेखमीर, गोल चकती. ‘भाकर’ हा शब्द मात्र मराठी बायबलचा, आणि तो माझ्या मनात रेंगाळत राहिला. प्रभूच्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीचीच मागणी आहे. ज्वारी-बाजरीच्या मुलखात हा शब्द थेट पोटात उतरतो. इथे झाडीपट्टीत ताटात भात असतो. मी काकूंना विचारलं, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “आम्ही भाकर म्हणतो, मनात धानच असते.” अनुवादाची चर्चा करणाऱ्यांनी ऐकावं असं हे वाक्य.

पिकाचा सणही याच धाग्यातला. शेतातलं पहिलं आधी देवापुढे ठेवायचं. कोणी धानाची पेंडी आणतं, कोणी कोहळा, कोणी कोंबडी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि एकाच कोहळ्यावर दोघे-तिघे प्रेमाने बोली चढवत नेतात. पैसे मंडळीच्या कामाला जातात. रोवण्यापासून कापणीपर्यंत पावसाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हा सण कोणी समजावून सांगावा लागत नाही.

कॅथलिक उपासनेचं वळण वेगळं. भंडारा जिल्हा नागपूरच्या धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मान्य केला आणि लोकभाषांना वेदीपाशी जागा मिळाली. १९६९ मध्ये भारतासाठी बारा गोष्टींना परवानगी आली: चपला काढणं, जमिनीवर बसणं, हात जोडून अभिवादन, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी समई, आरती, उदबत्ती, झग्याऐवजी शाल वगैरे. काही जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना हे आवडलं नाही. ज्या रीती सोडून आमचे आजे-पणजे आले त्याच परत कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणण्यामागे दुखावलेपण आहे. ज्यांना पूर्वी देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं नाही, त्यांना समई परकी वाटली तर तो त्यांचा दोष नाही. तरीही माझा कल टिळकांच्या बाजूचा आहे. समई आणि अभंग कोणा एका जातीच्या मालकीचे नाहीत, आणि ते हक्काने घेणं हीसुद्धा एक मुक्ती आहे.

वर्षाचं चक्र राखेच्या बुधवारपासून जाणवतं. कॅथलिक रीतीत कपाळाला लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात. गेल्या वर्षीचा जयजयकार यंदाची राख होतो; याहून नेमका उपदेश शब्दांत होणं कठीण. मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि शुभ शुक्रवार. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना चालते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. विदर्भातला एप्रिल, पंखे गरम वारा फेकत असतात, म्हातारी माणसं ओल्या रुमालाने मान पुसत बसून राहतात. पहाटेची पुनरुत्थानाची उपासना मात्र गार हवेत होते आणि मुलं धावत येतात.

एक काळजी मांडायलाच हवी. अलीकडे बऱ्याच प्रार्थनासभांतून की-बोर्ड आणि पडद्यावर उमटणारी हिंदी गीतं आली आहेत. तरुणांना ती आवडतात, त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण पेटीवर अभंग धरणारी माणसं कमी होत चालली आहेत. ख्रिस्ती कीर्तन तर शोधावं लागतं. गाणं पुस्तकात राहिलं म्हणजे टिकलं असं नसतं. चाल गुरूकडून शिष्याकडे, आईकडून लेकीकडे जावी लागते. वसईने, अहिल्यानगरने, नागपूरने आपापल्या जुन्या गाणाऱ्यांचे आवाज मुद्रित करून ठेवावेत. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं आणि ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरं केलं. अर्धं राहिलेलं काम घरच्या माणसाने उचलायचं असतं, हे त्या बाईंनी दाखवलंय.

त्या पहिल्या रात्रीकडे परत येते. अभंगानंतर मध्यस्थीची प्रार्थना झाली. काकूंनी एक दोनशे पानी वही काढली. तिच्यात तारीखवार नावं होती. भंडाऱ्याला दवाखान्यात असलेल्या कोणाची आई. नागपूरला परीक्षेला गेलेला मुलगा. अवकाळी पावसात कडपा भिजलेला एक शेतकरी. महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेला शेजारचा पोरगा. तो ख्रिस्ती नव्हता. काकू एकेक नाव वाचत, क्षणभर थांबत आणि सगळे हळूच ‘आमेन’ म्हणत. बऱ्या झालेल्यांच्या नावापुढे उपकारस्तुतीची खूण होती. काही नावांपुढे नुसती तारीख होती आणि ती नावं खोडलेली नव्हती.

मी निघताना, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून यंदा मंडई पाहिली नाही, असं सहज बोलून गेले. काकूंनी मिटलेली वही पुन्हा उघडली, चष्मा चढवला.

“नाव काय जी तुमच्या मायचं?”

मी सांगितलं. त्यांनी ते सावकाश, काना-मात्रा नीट देऊन लिहिलं.