सेट नेमका बसतो कुठे?

व्हॉलीबॉलच्या मैदानाकडेला पाच मिनिटं उभं राहिलं तरी इंग्रजीतल्या एका इवल्याशा शब्दाची करामत ऐकू येते. नेटजवळचा खेळाडू चेंडू बोटांवर घेऊन अलगद वर ठेवतो आणि मागून झेपावणारा तो हाणतो. त्या वर ठेवण्याला सेट म्हणतात, ठेवणाऱ्याला सेटर. तेवढ्यात बाजूला कुणीतरी हळहळतं, "पहिला सेट गेला हातचा." हा सेट म्हणजे 25 गुणांचा डाव. एकाच खेळात दोन सेट, पण कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो शब्दकोश उघडल्यावर. ऑक्सफर्डच्या वीस खंडी इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचे 430च्या वर अर्थ, मजकूर सुमारे 60,000 शब्दांचा. म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरीच. पुढे कोशाचं नव्याने संपादन सुरू झालं आणि हा मान आधी 'मेक'कडे, मग 'पुट'कडे आणि 2011 मध्ये 645 अर्थांच्या 'रन'कडे गेला.

एवढे अर्थ कुणी पाठ करत नाही, इंग्रजही नाही. दोन किल्ल्या हाती असल्या की बहुतेक दारं उघडतात.

पहिली किल्ली मराठी माणसाच्या खिशात आधीपासूनच आहे. जुन्या इंग्रजीत 'सित्तान' म्हणजे बसणे आणि 'सेत्तान' म्हणजे बसवणे. आपण मध्ये 'व' घालून प्रयोजक क्रियापद करतो, त्यांनी आतला स्वर बदलून केलं. पडणे-पाडणे या जोडीसारखी 'फॉल' आणि 'फेल' ही जोडीही तशीच. झाड पाडण्याला इंग्रजीत आजही 'फेल' म्हणतात. तेव्हा सेट म्हणजे मुळात बसवणे. सोनार कोंदणात हिरा बसवतो, हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत सेटच. या सगळ्यामागे जो प्राचीन धातू आहे, तोच संस्कृतात 'सद्' होऊन आला आणि संसद, परिषद, उपनिषद या शब्दांत बसून राहिला. आपलं 'बसणे' मात्र 'उपविश्'वरून आलेलं, म्हणजे नात्यातलं नव्हे. काम तेवढं तेच करतं.

पुढे इंग्रजी एकाच क्रियापदावर भागवते आणि मराठी दर वेळी नवं काढते. आपण घड्याळ लावतो, तारीख ठरवतो, परीक्षेचा पेपर काढतो, जेवणाची पानं मांडतो, कवितेला चाल लावतो. इंग्रजीत हे सगळं सेट. नीट पाहिलं तर प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट घडते: जे मोकळं होतं त्याला जागा मिळते. तारीख हवेत होती, ती कॅलेंडरवर बसली. शब्द सुटे होते, ते सुरांवर बसले.

आणि बसवणारा कुणी नसेल तर? मग वस्तू आपली आपणच बसते. जेली सेट होते, सिमेंट सेट होतं. सिमेंटच्या बाबतीत तर या शब्दाला घड्याळ लावलेलं आहे. भारतीय मानकानुसार साधं पोर्टलँड सिमेंट पाणी घातल्यापासून 30 मिनिटांच्या आत धरू लागता कामा नये, आणि 600 मिनिटांच्या आत पुरतं धरलं पाहिजे. धरणं वेगळं आणि ताकद येणं वेगळं. ताकद 28 दिवसांनीसुद्धा तपासतात. सूर्याचं सेट होणं मात्र 'बसवणे'त बसत नाही असं वाटतं. पण जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेट्लगांग' असा शब्द होता: आसनाकडे जाणं. दिवसभर उभा असलेला सूर्य संध्याकाळी बसायला जातो!

एका शब्दावर एवढा भार टाकल्याबद्दल इंग्रजीला हसावं, तर आधी आपलं 'लावणे' आठवावं. दिवा लावतो म्हणजे पेटवतो, दार लावतो म्हणजे बंद करतो. शिवाय झाड लावतो, कुकर लावतो, अर्थ लावतो आणि एखाद्याची वाट लावतो.

दुसरी किल्ली अगदी वेगळ्या घरातली. लॅटिनमध्ये 'सेक्टा' म्हणजे पंथ, एखाद्याच्या मागून जाणारी मंडळी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'सेत्त' झालं आणि तिथून ते इंग्रजीत आलं. माणसांचा गट, मग वस्तूंचा गट. कपबशांचा सेट, सोन्याचा सेट, इयत्ता नववीच्या गणितातला संच हे या बाजूचे. टीव्ही सेटही. त्या टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचा म्हणून तो सेट-टॉप बॉक्स; आता टीव्ही भिंतीला चिकटले, त्यांना डोकंच उरलं नाही, खोका मात्र नाव टिकवून आहे.

ही दोन घराणी इंग्रजीत अशी मिसळली की काही अर्थ नेमके कुणाचे, हे सांगताना कोशकारांचीही दमछाक होते. मिसळली कारण इंग्रजी शब्दांचे प्रत्यय शतकानुशतकं झिजत गेले. आज वर्तमानकाळ सेट, भूतकाळ सेट, नाम सेट, विशेषणही सेट. मराठीत बसवतो, बसवलं, बसवलेला असं शब्दाच्या शेपटीवरून कळतं. तिकडे शेपूटच नाही. मग अर्थ सांगायचं काम शेजाऱ्यांवर येतं, विशेषतः मागे येणाऱ्या चिमुकल्या शब्दांवर. 'सेट अप' म्हणजे उभारणं, 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणं. 'सेट असाइड' घरात पैसे बाजूला ठेवतो, न्यायालयात खालचा आदेश रद्द करतो. म्हणून वाचताना सेट दिसला की तिथेच अडून न बसता दोन शब्द पुढे सरकावं.

आपण मराठीत हा शब्द घेतला आणि त्यावर आपलं कामही केलं. पोरगा नोकरीत 'सेट झाला' म्हणजे जम बसला. शेजारचा 'सेटल' हा चुलतभाऊ, तो आसनावरून आलेला. 'सेटिंग'ला तर आपण पार वेगळं वळण दिलं. "त्याची आत सेटिंग आहे" यातली आतून केलेली जुळवाजुळव एखाद्या इंग्रजाला सांगायला गेलो तर तो बिचारा मोबाइलची सेटिंग्ज उघडून बसेल. आणि प्राध्यापक व्हायला निघालेले ज्या नेट-सेटचा धसका घेतात, त्यातला सेट या दोन्ही घराण्यांतला नाही. तो स्टेट एलिजिबिलिटी टेस्टच्या आद्याक्षरांचा. त्याचाही पेपर कुणाला तरी सेट करावाच लागतो.