पडद्यावरचे चाचे आणि पाण्यावरचे

मे 1718. ‘ब्लॅकबिअर्ड’ नावाने कुप्रसिद्ध असलेल्या एडवर्ड टीचने अमेरिकेतलं चार्ल्सटन बंदर काही दिवस रोखून धरलं. येणारी-जाणारी जहाजं अडवली, गावातली प्रतिष्ठित माणसं ओलीस ठेवली आणि गव्हर्नरला निरोप धाडला: औषधांची पेटी पाठवा, नाहीतर यांची मुंडकी येतील. पेटी आली आणि ओलीस सुटले.

त्याचं ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ हे बुडालेलं जहाज 1996 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ सापडलं. तळातून तोफा निघाल्या, तशी वैद्याची एक पिचकारीही निघाली. तिच्यात पाऱ्याचा अंश होता. गुप्तरोगावर त्या काळी पाराच टोचत. महिनोन् महिने समुद्रावर काढणाऱ्या, रोगाने पोखरलेल्या या माणसांना सोन्याइतकीच औषधाची गरज होती.

खजिन्याचा नकाशा, एक पाय, खांद्यावरचा पोपट हे सारं आपल्या डोक्यात बसवलं ते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ने. हे पुस्तक आलं 1883 मध्ये, म्हणजे टीच मेल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. चाच्यांची ती घोगरी ‘आर्र’ तर आणखी अलीकडची. या पुस्तकावरच्या 1950 च्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या नटाने आपल्या डॉर्सेटकडच्या बोलीचा हेल लावला आणि पुढचे चाचे तसंच बोलू लागले. खजिना पुरल्याचा ठोस दाखला मिळतो तो कॅप्टन किडचा. तोही लगेच उकरला गेला आणि खटल्यात पुरावा म्हणून वापरला गेला. एरवी लूट म्हणजे साखर, कापड, दोरखंड, शिडं. ती वाटून घ्यायची आणि बंदरात उडवून मोकळं व्हायचं.

वाटणीचे नियम मात्र पक्के असत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर प्रत्येकाला मत होतं. रात्री आठला दिवे मालवायचे, पैसे लावून जुगार खेळायचा नाही. कप्तानाला दोन वाटे, साध्या खलाशाला एक. लढाईत हात-पाय गमावणाऱ्याला 800 नाणी भरपाई. व्यापारी जहाजावर फटके खाणाऱ्या खलाशाला हे आयुष्य का खुणावत असेल, ते यावरून कळतं.

पण म्हणून त्यांना नायक करायचं कारण नाही. सप्टेंबर 1695 मध्ये हेन्री एव्हरीच्या टोळीने हज यात्रेहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज पकडलं. यात्रेकरूंचा छळ झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. बादशहाने सुरतेतले इंग्रज व्यापारी कैदेत टाकले. एव्हरी कधीच सापडला नाही. आणि 1712 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्याच्यावर बेतलेलं नाटक आलं, त्यात तो चक्क मादागास्करचा राजा! चाच्याला रुबाबदार करण्याचा धंदा इतका जुना आहे.

याच्या नेमकं उलट आपल्या किनाऱ्यावर घडलं. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचं दस्तक न घेता कोकणपट्टीवरून जाणारं गलबत त्यांचं आरमार धरी. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देत आणि तो नसलेली जहाजं पकडत. तो मात्र कायदा ठरला. आंग्र्यांना इंग्रजांनी कागदोपत्री चाचे करून टाकलं. 1721 मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून त्यांच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली, तरी किल्ला पडला नाही. शत्रूने लावलेलं तेच विशेषण 2007 मध्ये हॉलिवुडने उचललं. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या तिसऱ्या भागात जगातल्या नऊ चाचेप्रमुखांपैकी एकाचं नाव आहे संभाजी आंग्रिया. खरे संभाजी आंग्रे कान्होजींचे चिरंजीव, आणि तेही पुढे सरखेल झाले.

अलिबागला गेलात तर समुद्राकडे वळण्याआधी गावातल्या कान्होजींच्या समाधीपाशी घटकाभर थांबा. सोबतच्या मुलांनी तो सिनेमा पाहिला असेल, तर त्यांना सरखेल या शब्दाचा अर्थ तिथेच सांगा.