‘डिड’नंतर ‘वेंट’ का नाही?

आमच्या वस्त्यांतली मुले इंग्रजीच्या तासाला गप्प बसतात, हे आम्ही रोज पाहतो. एखाद्याने ‘डिड यू वेंट?’ म्हटले की वर्ग हसतो. चूक का झाली, हे कोणी सांगत नाही. मराठीत ‘तू गेलास का?’ म्हणताना भूतकाळ ‘गेलास’मध्येच असतो. इंग्रजीत तो ‘डिड’ने दाखवला की पुन्हा दाखवायचा नाही. म्हणून ‘डिड यू गो?’ तसेच ‘अ’ आणि ‘ॲन’चे. नियम अक्षराचा नव्हे, उच्चाराचा. म्हणून ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. हे ज्ञान कोणाच्या रक्तात नसते. ते सांगावे लागते. सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याची हाक दिली होती. बांधवांनो, चुकणाऱ्या मुलाला हसू नका. कारण सांगा आणि पुन्हा बोलायला लावा.