यंत्राला नाणं कळत नाही

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात गुप्तधनाच्या गोष्टी उगाच फिरत नाहीत. घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आणली. शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी तिथूनच निघाली होती. दौंड तालुक्यासमोर भीमेपलीकडे पेडगावचा किल्ला आहे. एवढा इतिहास पायाखाली असल्यावर कुणीतरी मेटल डिटेक्टर मागवणारच. मग व्हिडिओ बघून बटणं फिरवली जातात आणि गैरसमज सुरू होतात.

पहिला गैरसमज म्हणजे पडद्यावरचा आकडा धातूचं नाव सांगतो. कॉइलमधलं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीतल्या धातूत वीजप्रवाह जागवतं. त्या प्रवाहाचं क्षीण क्षेत्र किती जोराचं आहे आणि किती मागे पडून परत येतं, एवढंच यंत्र मोजतं. त्यात धातूची वाहकता येते, तसा आकार, जाडी आणि तुकडा आडवा पडलाय की उभा हेही येतं. तांब्याची शिवराई किंवा चांदीचा रुपया सहसा वरचा आकडा दाखवतो, पण तांब्याचा दुसरा कुठला तुकडाही तोच दाखवू शकतो. लहानसं पातळ सोन्याचं नाणं खालच्या आकड्यांत जातं, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी असते तिथेच. पन्नीचा त्रास नको म्हणून ते आकडे बंद करणारा माणूस सोनंही बंद करतो.

दुसरा गैरसमज: ‘सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवा, खोलचं सापडेल.’ आपल्या मातीत हे सहसा उलटं होतं. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या मातीत मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं भरपूर असतात आणि यंत्राला तीही ऐकू येतात. रेडिओचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसंच हे. यंत्र बडबडायचं थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवावी. शांत यंत्रातच बारीक इशारा ओळखू येतो. विहिरीच्या मोटरची केबल किंवा वरून विजेच्या तारा जात असतील तर यंत्राचा चॅनेल बदलून पाहावा.

माझ्या मते या भागात सगळ्यात महत्त्वाचं बटण मातीचा आवाज वगळणाऱ्या ग्राउंड बॅलन्सचं आहे, आणि नेमकं तेच लोक विसरतात. धातू नसलेली जागा बघून कॉइल जमिनीवर वीतभर खाली-वर करायची आणि आवाज एकसारखा होईपर्यंत बटण जुळवायचं. नदीकाठचा गाळ, मुरूम आणि काळं रान यांची जात वेगळी, म्हणून पट्टा बदलला की पुन्हा जुळवायचं. आपोआप जुळवणारी सोय असली तरी एकाच जागी कॉइल घोटाळत राहिली, तर ती सोय क्षीण इशाऱ्यालाच माती समजून पुसू शकते. भाजलेली माती हा आणखी एक चकवा: जुनी चूल, भट्टी, विटांचा ढीग इथली माती भाजल्याने जास्त चुंबकीय झालेली असते आणि यंत्र खोटंच बोलतं.

लोखंड वगळण्याबद्दलही असंच. खिळे-फाळांचा वैताग टाळायला डिस्क्रिमिनेशन वाढवतात. पण नाण्याला खेटून गंजका खिळा असला तर त्याच्याबरोबर नाणंही दडपलं जातं. शिवाय नाल, पातं, तोफेचा गोळा ही लोखंडाचीच. इनामगावचं तर विचारूच नका. घरांच्या जमिनी, जळकं धान्य, मडक्यांत पुरलेली लहान मुलं हे तिथलं खरं धन, आणि त्यावर कुठलंच यंत्र वाजत नाही.

दोन मीटर खोलीच्या जाहिरातींबद्दल एवढंच, की कॉइलच्या मानाने नाणं खोल असेल तेव्हा खोली दुप्पट झाली की परतीचा इशारा सुमारे ६४ पटींनी क्षीण होतो. सुटं नाणं वीतभर खोलीवर लागलं तरी उत्तम समजावं. आणि दूरवरून सोन्याची दिशा दाखवणारं, हातातली सळई फिरणारं यंत्र ही शुद्ध फसवणूक आहे. असल्याच सळईचं एडीई-६५१ नावाचं बनावट बॉम्बशोधक यंत्र इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये १० वर्षांची शिक्षा दिली. सळईच्या जागी मांत्रिक आला आणि अघोरी प्रकार सुरू झाले, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

राहिला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: ‘माझ्या रानात सापडलं, ते माझं.’ १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मुघलकालीन सोन्याची २१६ नाणी जप्त केली; चिखलीत बांधकामाच्या जागी सापडलेली ही नाणी घरीच ठेवली होती. कळवणारा रिकाम्या हाताने परततोच असं मात्र नाही. निधी बेवारस ठरला आणि जागामालकाशी करार झालेला नसला, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला उरलेला वाटा मिळतो. सरकारला तो निधी हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येतो. संरक्षित स्मारकाच्या आवारात मात्र परवानगीशिवाय कुदळ लावायचीच नाही.

स्वतःच्या रानात हरवलेली अंगठी किंवा पान्हा शोधायला यंत्र जरूर वापरावं. ते करताना जुनं काही लागलं तर पुढे खणू नये, चिंचेने घासून चमकवू तर मुळीच नये. घासल्याने वरचा थर आणि अक्षरं जातात, किंमतही उतरते. फोटो काढावा आणि वस्तूचं स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा व तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. कायद्यालाही नोटिशीत हेच तपशील लागतात.