टेंभी नाका: आलेल्यांना ठाव देणारा परिसर

जैनांच्या श्रीपालचरित्रात अशी कथा आहे की, धवल नावाच्या लोभी शेटजीने कपटाने समुद्रात लोटून दिलेला श्रीपाल तरंगत ठाण्याच्या किनाऱ्यास लागला, आणि येथल्या राजाने त्या निराश्रिताची विचारपूस करून त्याला घरात तर घेतलेच, वर आपली कन्याही दिली. कथेला इतिहासाचा आधार किती, हे शोधीत बसण्याचे प्रयोजन नाही. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराशी, ज्याला भाविक कोकण शत्रुंजय म्हणून ओळखतात, ही कथा श्रद्धेने जोडलेली आहे. आणि ज्या गावाची अशी ख्याती परमुलखातून येऊन स्थिरावलेल्या व्यापाऱ्यांच्या देवळात जपली जाते, त्या गावाने आल्यागेल्याला कसे वागविले, हे पाहण्याची उत्कंठा कोणालाही वाटावी.

स्थानकातून निघून जांभळी नाक्याची भाजीफुलांची गर्दी मागे टाकली की थोड्याच अंतरावर टेंभी नाका लागतो. न्यायालय, जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी, तुरुंग झालेला जुना किल्ला, विठ्ठल सायन्ना यांच्या नावाने चालत आलेले शासकीय रुग्णालय, अशी सरकारदरबारची सारी ठिकाणे आसपासच असल्यामुळे शहापूर-मुरबाडकडचा माणूस फिर्याद घेऊन असो वा दुखणे घेऊन, याच रस्त्यांनी चालत आलेला आहे. नवरात्रात येथे १९७८ पासून देवीचा उत्सव होतो आणि त्या नऊ दिवसांत रस्त्यावर पाऊल ठेवण्यासही जागा उरत नाही. बाहेरगावच्या वाचकाला टेंभी नाका ठाऊक असतो तो बहुधा त्यामुळे, आणि आनंद दिघे यांच्यामुळे. २६ ऑगस्ट २००१ रोजी निधन पावलेल्या या पुढाऱ्याच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. परंतु येथल्या आनंद आश्रमात रोज भरणाऱ्या त्यांच्या दरबारात रुग्णालयातली खाट, मुलाची नोकरी, भाडेकरूचे गाऱ्हाणे घेऊन लोक रांगेने बसत, आणि ज्याला शहरात ओळखीचे कोणी नाही अशा माणसाला एक दार ठोठावता येत असे, ही गोष्ट सामान्य ठाणेकराच्या स्मरणात अद्याप ताजी आहे.

याच परिसरात १८७९ साली बांधलेले शाआर हशामाईम हे बेने इस्राएल ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या माणसांपासून आपला वंश वाढला, असे ही मंडळी परंपरेने सांगत आली आहेत. कोकणातल्या गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांस शनवार तेली म्हटले, आणि इंग्रजी अमलात पलटण, रेल्वे व सरकारी कचेऱ्यांतून नोकऱ्या मिळू लागल्या तेव्हा त्यांतली पुष्कळ घरे ठाण्यास आली. त्यांची भाषा मराठी, आडनावे कोकणातल्या गावांवरून पडलेली. मंगलप्रसंगी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने जो मलिदा होतो त्याचे ताट जवळून पाहावे: भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलदोडा, भोवती मांडलेली फळे. कोकणातल्या कोणत्याही घरच्या स्वयंपाकघरातून ते निघालेले वाटेल, आणि त्यावर म्हटली जाणारी प्रार्थना हिब्रू असते. १९४८ नंतर यांतली अनेक कुटुंबे इस्राएलास गेली; तरी ठाण्याचे हे मंदिर आजही नांदते आहे.

त्याच १९४८ साली ठाणे जिल्ह्यावर खरी कसोटी आली. फाळणीनंतर सिंधमधले हिंदू काही महिने तग धरून होते. परंतु ६ जानेवारी रोजी कराचीत दंगल उसळली तेव्हा त्यांचा धीर सुटला आणि आगबोटींमागून आगबोटी मुंबईच्या धक्क्यास लागू लागल्या. मुंबई सरकारला शहरात गर्दी नको होती. निर्वासितांची सक्तीने नोंदणी करणारा कायदा त्याच वर्षी झाला, आणि धक्क्यावर उतरलेली माणसे दूरदूरच्या छावण्यांकडे रवाना झाली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे महायुद्धाच्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला होता. ते जाताच त्याच जागेत सिंधी कुटुंबांचे गांधीनगर वसले. सर्वांत मोठा लोंढा मात्र कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत आला. दोन हजारांहून अधिक बराकी, पाच कॅम्प आणि सुमारे एक लाख माणसे! एकेका लांबलचक बराकीत चादरी, साड्या आणि गोणपाट टांगून संसार वेगळे केलेले, पलीकडच्या घरातली कुजबुज अलीकडे ऐकू येणारी. कालपर्यंत सिंधमधल्या हैदराबादेत वा शिकारपुरात ज्यांच्या पेढ्या होत्या ते गृहस्थ शिध्याच्या रांगेत उभे. बायकांनी पापड लाटावेत, पोरांनी लोकलच्या डब्यांतून गोळ्या-पेपरमिंट विकावे, असे दिवस त्यांनी काढले. परंतु भिक्षेला हात पसरला नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसविली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. १९६५ मध्ये सिंधी संस्थेनेच तेथे चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय उभे केले. ठाण्यात स्थानकाच्या पूर्वेस कोपरीतही त्यांची वसाहत झाली.

या आश्रयाचा इतिहास लिहिताना एक नाव नेहमी गळते. लष्कराने युद्धासाठी घेतलेली उल्हासनगरची जमीन मुळात आसपासच्या आगरी-कुणबी गावांची होती. युद्ध संपले, तिच्यावर दुसऱ्यांची घरे झाली, आणि ज्यांचे शेत गेले त्यांना आश्रयदाते म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. निर्वासितांच्या हलाखीपुढे हे दुःख लहान ठरविणे सोपे आहे. मला ते लहान वाटत नाही. सरकारने छप्पर दिले, त्याची किंमत खेड्यांनी भरली, आणि नवख्या दुकानदाराकडून उधारीवर कापड घेऊन त्याच्याशी व्यवहार जोडण्याचे काम कल्याण-ठाण्याच्या गिऱ्हाइकांनी केले. या तिन्हींवाचून उल्हासनगर झाले नसते.

लोंढे आजही येतात, त्यांना निर्वासित मात्र कोणी म्हणत नाही. मराठवाड्यात पाऊस फिरला की पारधी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात, आणि टेंभी नाक्यापासून फार दूर नसलेल्या तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली कित्येक वर्षे अशी बिऱ्हाडे पडलेली होती. त्यांची मुले सिग्नलला थांबलेल्या मोटारींच्या काचांवर टकटक करून फुले विकीत. २०१६ च्या जूनमध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी त्या पुलाखालीच, मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग थाटून, सिग्नल शाळा सुरू केली. मुलांना पुलावेगळे करून वसतिगृहात डांबण्यापेक्षा शाळाच त्यांच्या बिऱ्हाडापाशी आणावी, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण आईबापांची रोजची कमाई बुडविणारी कोणतीही परोपकारी योजना अशा घरांत चार दिवसही टिकत नाही. तिथे मुलांची आंघोळ होते, जेवण होते, मग पाटी हातात येते. २०१८ मध्ये या शाळेची दोन मुले दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाली.

घोडबंदर रस्त्यावर, डोंबिवलीच्या वेशीवर, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आज जी कुटुंबे येऊन पडली आहेत, त्यांच्यासाठी अजून पुष्कळ ठिकाणी दार उघडावयाचे आहे. वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या शेजारच्या बांधकामावर सहा ते चौदा वर्षांचे मूल दिसले तर जवळच्या पालिका शाळेत त्याचे नाव घालण्यासाठी त्याच्या आईबरोबर स्वतः कचेरीत जावे. जन्माचा दाखला नाही या सबबीवर त्याला प्रवेश नाकारण्याचा अधिकार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कोणत्याही शाळेस दिलेला नाही.