'स्वीटबॅक'वरून पेटलेला वाद

'स्वीट स्वीटबॅक्स बॅडास साँग' हा अमेरिकन चित्रपट मार्च १९७१ अखेर डेट्रॉइटमध्ये झळकला, तेव्हा देशभरातली दोनच चित्रपटगृहे तो लावायला तयार झाली होती. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि प्रमुख भूमिका, सारे मेल्विन व्हॅन पीबल्स यांचे. स्टुडिओंच्या दारी न जाता त्यांनी पदरचे पैसे घातले, बिल कॉस्बी यांच्याकडून ५० हजार डॉलर उसने घेतले आणि १९ दिवसांत चित्रीकरण उरकले. चित्रपटाला 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले. ते देणारे सगळे गोरेच होते, हे व्हॅन पीबल्स यांनी जाहिरातीतच छापून टाकले. पाहता पाहता चित्रपटाने एक कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला.

कुंटणखान्यात वाढलेला स्वीटबॅक हा नायक. पोलीस एका कृष्णवर्णीय तरुण कार्यकर्त्याला बेदम मारत असतात आणि तो आधी निमूट पाहत राहतो. मग हातातल्या बेडीनेच पोलिसांना लोळवतो आणि मेक्सिकोच्या दिशेने पळत सुटतो. पोलिसांवर हात उगारणारा कृष्णवर्णीय माणूस शेवटी जिवंत निसटतो, हे अमेरिकन पडद्यावर जवळपास अनोखेच होते.

'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी यांना चित्रपट रुचला नाही. खरी खडाजंगी झाली ती मात्र कृष्णवर्णीय विचारवंतांमध्येच. ब्लॅक पँथर पक्षाचे नेते ह्युई न्यूटन यांनी या चित्रपटाला क्रांतिकारक ठरवले आणि पक्षाच्या मुखपत्राचा अख्खा अंक त्याला वाहिला. उलट 'एबनी' मासिकात लेरोन बेनेट यांनी चित्रपटाची चिरफाड केली. दारिद्र्याला त्यात मोहक रूप दिले आहे आणि शरीरसुखाच्या वाटेने कोणी मुक्त होत नसते, असा त्यांचा आक्षेप होता. तो बिनतोड आहे. यातल्या स्त्रियांना नायकाच्या सोयीपलीकडे अस्तित्वच नाही. तरीही मार खाणाऱ्या तरुणाच्या बाजूने उभा राहणारा नायक प्रेक्षकांना आपला का वाटला, याचे उत्तर त्या अंकातल्या न्यूटन यांच्या लेखातच सापडते.

पुढे 'शाफ्ट' आणि 'सुपर फ्लाय' हे चित्रपट आले. कृष्णवर्णीय प्रेक्षकवर्गात पैसा आहे, हे स्टुडिओंनी हेरले. राजकारण मात्र मागे पडले. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 'स्वीटबॅक'चा समावेश झाला. सुरुवातीच्या प्रसंगातला अल्पवयीन मुलाचा वापर मात्र समर्थनीय नाही. ब्रिटनमध्ये बालसंरक्षण कायद्यामुळे त्यातली दृश्ये झाकूनच डीव्हीडी काढावी लागली.